अंग कोरडं पडलं म्हणून निघाले बुलढाण्याला

लोक फिरून आले की डोंगर सांगतात, देऊळ सांगतात, हॉटेलातली उशी किती मऊ होती तेही सांगतात. मी आमच्याच जिल्ह्यात फिरून आले, आणि मला सांगायचंय ते तपासणीच्या टेबलाबद्दल. ज्यांना लाज वाटेल त्यांनी पान उलटावं. पण पन्नाशी ओलांडलेल्या ज्या बाया लघवीला जाताना दात आवळतात, त्यांनी मात्र चष्मा पुसून बसावं. त्यांच्यासाठीच लिहिलंय.

मी जानेफळची. आमचे हे भाजीपाला पिकवतात. शाळा माझी लवकर सुटली, पण वाचायची खोड सुटली नाही. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय मी चुलीत घालत नाही. पाळी बंद झाली तेव्हा मी पेढे वाटायच्या बेतात होते. सुटले बाई एकदाची, म्हटलं. सुटले कसली! काही वर्षांनी हळूहळू आग सुरू झाली. बसलं तरी आग, चाललं तरी आग, लघवी तर विचारूच नका. इन्फेक्शनच्या गोळ्या खाव्या, चार दिवस बरं वाटावं, पुन्हा तेच. आणि ह्यांच्या जवळ जायचं म्हणजे तर जिवावर यायचं. दुखायचं, सोलल्यासारखं दुखायचं. मग मी कारणं काढायची. आज चतुर्थी, उद्या एकादशी, परवा कंबर. माझे उपास बघून शेजारीण माझ्या पाया पडायची तेवढी बाकी होती.

ह्यांनी विचारलं नाही. विचारणाऱ्यांतले ते नाहीतच. एके दिवशी गोधडी काखोटीला मारली नि म्हणाले, "हरभऱ्यात रानडुकरं येऊन राह्यले. मी शेतात झोपत जाईन." बरं, हरभरा होता तोवर मीही मानलं. हरभरा निघाला, शेत नांगरलं, उन्हाळा तापला, तरी ह्यांची राखण चालूच. नुसती ढेकळं खायला कोणतं डुक्कर येतं हो? पण त्यांनी सांगितलं नाही नि मी विचारलं नाही. उभा जन्म एका ताटात जेवल्यासारखा काढला आणि शेवटी शेवटी असं परक्यासारखं होऊन बसायचं, याचीच मला भीती पडली होती. आगीचं काय, आग सोसत होते.

आता सांगायचं कोणाला आणि कसं? आमच्याकडे बाईच्या त्या जागेला शब्दच नाही. म्हणजे आहेत, पण ते पुरुषांनी भांडताना वापरून टाकलेत. बाईनं वापरायचा शब्द एकच, 'अंग'. अंगावरून जातं, अंग बाहेर आलं, सगळं त्या एका अंगात. बायकांत ते कळतं. डॉक्टराला कुठलं कळायला? जवळच्या एका डॉक्टराला मी धीर करून सांगितलं, "डाक्टरसाहेब, अंग कोरडं पडलं." त्यानं मान वर न करता सांगितलं, "आंघोळीनंतर खोबरेल चोळा." पुढच्या खेपेला म्हटलं, "अंगाची आग होते." त्यानं पित्ताची पुडी दिली. एका शहाणीनं तुरटीच्या पाण्यानं धुवायला सांगितलं, तेही केलं. त्या दिवशी मी जे काही नाचले, ते लग्नाच्या वरातीतही कधी नाचले नसेन.

खरा शब्द मला ठाऊक होता, कीर्तनातून. चौऱ्यांशी लक्ष योनी फिरून माणसाचा जन्म मिळतो म्हणतात ना, तोच. चौऱ्यांशी लक्ष मोजणारे बुवा पाहिले, पण त्यातल्या एकीला काय दुखतं-खुपतं ते सांगणारा एक भेटला नाही.

माझं हे दुखणं ओळखलं ते माझ्या विहीणबाईनं. माझी मीना रोहिणखेडला दिली आहे, मोताळ्याकडे. नातवाच्या जावळाच्या पंगतीतून मी सारखी उठत होते. विहीणबाईनं मला न्हाणीच्या दाराशीच गाठलं.

"मीनाची आई, साखर हाये का तुमाले?"

"नाई वं बाई."

"मंग?"

"अंगाची आग होते."

तिनं एकदा मागं पाहिलं, पुढं पाहिलं, आणि मान हलवली. डॉक्टराला दोन खेपांत कळलं नाही ते बाईला एका शब्दात कळलं. पुढं थंडी पडता पडता तिचा फोन आला. मोबाईलवर व्हिडिओ आला होता म्हणे. खामगावात लेझरचं यंत्र आलंय, ह्याच दुखण्याचं. "मी येते सोबत. मले काई नाई बरं का. तुमच्यासाठी येते." हे 'मले काई नाई' तिनं त्या फोनवर इतक्या वेळा सांगितलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

घरी सांगितलं, गुडघे दाखवायला जाते. आमच्या वयाच्या बाईला गुडघ्यासाठी कुठंही जाता येतं.

खामगाव

एस.टी.च्या त्या बाकड्याबद्दल मी काही लिहीत नाही. खाली शाल घडी करून घेतली होती, तरी प्रत्येक खड्डा मला वेगळा आठवतो.

विहीणबाई स्टँडवर उभी, काठापदराची साडी, नाकात नथ तेवढी नव्हती. जणू मुलगी बघायला निघालो. आधी आलूबोंडा खाल्ला, वर चहा. मुलाची आई म्हणून पहिला घास तिचा, हे मी आलूबोंड्यालाही पाळलं. मग दवाखाना शोधला.

दवाखाना कसला, सराफाचं दुकान वाटावं असा. आत गारेगार. भिंतीवर एक गोरी बाई समुद्रकाठी हसतेय. तिला काय झालं होतं नि काय बरं झालं, काही कळायला मार्ग नाही. टेबलामागच्या पोरीनं गोड आवाजात विचारलं, "इंटिमेट रिजुव्हेनेशनसाठी का?"

विहीणबाई म्हणाली, "रिझर्व्हेशन नाई केलं बाई. गर्दी असन तं बसतो आमी."

आत डॉक्टर. कोवळा पोरगा, कोट घातलेला. मी तोंड उघडायच्या आधी त्यानं पाटीसारखा मोबाईल पुढं केला. त्यात एक सुकलेलं फूल. त्याच्यावर वरून उजेडाची तिरीप पडली आणि फूल टवटवीत उमललं. मी जन्म भाजीपाल्यात काढलाय. सुकलेल्या रोपावर कोणी बॅटरी मारत नाही हो, पाणी घालतात.

"मॅडम, तीन सिटिंग घ्यायची. नंतर वर्षातून एकदा मेंटेनन्स."

"ट्रॅक्टरसारखं," विहीणबाई पुटपुटली. मग मोठ्यानं, "म्हणजे डागणीच देता ना हो आत? आमच्याकडं पोट दुखलं का बिब्ब्यानं डागतेत."

"नाही नाही आजी, डागणी कसली! अत्याधुनिक आहे. काही जाणवतच नाही."

मी विचारलं, "आग थांबन का?"

"आग काय, सगळंच बदलेल. पुन्हा तरुणपण येईल बघा. तुमच्या मिस्टरांना तर लगेच फरक जाणवेल."

"आग मले होते आन् फरक त्यायले जाणवन?"

पोरगा हसला. त्याला वाटलं मी गंमत केली.

त्यानं मला तपासलं नाही. कधीपासून त्रास आहे, रक्त जातं का, दुसरं काही दुखणं आहे का, एक शब्द नाही. आज नाव लिहिलं तर सूट देतो म्हणाला. सूट तर साडीच्या दुकानात दिवाळीनंतर असते. आम्ही 'घरी विचारून सांगतो' म्हणून उठलो. हे एक बरं असतं, बाईनं घरी विचारते म्हटलं की कोणी अडवत नाही.

बाहेर आल्यावर विहीणबाई थोडी रेंगाळली. "तसं करून पाहाले काय हरकत हाये म्हणा... तुमाले."

"तुमाले काऊन येवढी घाई झाली?"

"मले? मले काई नाई."

रोहिणखेड

मुक्काम विहिणीकडे. मीना नि जावई पुण्याला असतात, त्यामुळे घरात विहीण-व्याही दोघंच. पूर्वी मुलीच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही असं होतं. आता नातू झाला म्हणून चालतं. मीही पोट भरून चालवून घेतलं. वांग्यात तुरीचे ओले सोले, म्हणजे शेंगांतले हिरवे दाणे, कळण्याची भाकर, वर हिरवा ठेचा. कळणा म्हणजे ज्वारी नि उडीद सोबत दळलेलं पीठ. खानदेश तिकडून जवळ, म्हणून त्यांच्याकडे ही भाकर नेहमीची. आमच्याकडे ज्वारीची पांढरी. मी तिखट खाऊ नये असं वाटत होतं, पण ठेचा बघितल्यावर अंगाचं ऐकतो कोण!

व्याही जेवता जेवता म्हणाले, "काय म्हणे मंग डाक्टर, गुडघ्याले?"

मी घास गिळायच्या आत विहीणबाई बोलून गेली, "लेझर म्हणे."

"गुडघ्यात लेझर?"

"हाव. नवीन आलं."

व्याह्यांनी भाकर खाली ठेवली, धोतर वर सारलं आणि स्वतःचा गुडघा आम्हाला दाखवला. "हा डावा लय तरास देते. उद्या मीबी येतो. दोघाइचं संगंच करू."

माझ्या घशात सोला अडकला. विहीणबाई मात्र डगमगली नाही. "ते बायाइच्या गुडघ्याचं मशीन हाये. पुरुषाइचं वेगळं येनार हाये."

"गुडघ्यात बाई-पुरुष असते?"

"असते. जेवा."

बिचारे जेवले. आणि आम्ही दोघी भांडी घासताना अशा हसलो की राखेचा हात तोंडाला लागला. पण हसता हसता मला वाटलं, बघा, एक शब्द उच्चारायचा नाही म्हणून आम्ही चांगल्या माणसाच्या गुडघ्याशी खोटं बोललो.

सकाळी तिनं मला गावातली जुनी मशीद दाखवली. दगडी, फार जुनी, कोरीव अक्षरं आहेत. मला वाचता येईनात म्हणून चुटपुट लागली. विहीणबाई भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "याले कोणी लेझर मारला नाई, तरी पाहा कशी उभी हाये." मग जरा थांबून, "बुलढाण्याले एक डाक्टरीण हाये म्हणे. रागीट हाये, पण बाई हाये. जाऊन पाहायचं का?"

बुलढाणा

राजूरचा घाट चढला की हवा बदलते. खाली मोताळ्याला स्वेटर काढलेली माणसं वर बुलढाण्याला पुन्हा घालतात. घाटात सागाची पानं पोळून तपकिरी झालेली, मधेच माकडं. विहीणबाईला घाट लागतो. ती लिंबू हुंगत डोळे मिटून बसली, म्हणून देखावा सगळा माझ्या वाट्याला आला.

दवाखान्यात सगळ्या पोटुशा पोरी. त्यांच्यात आम्ही दोन म्हाताऱ्या. शेजारच्या पोरीनं कौतुकानं विचारलं, "आजी, कोणाची डिलिव्हरी?"

"आमचीच," विहीणबाई म्हणाली.

नंबर आला. आत डॉक्टरीणबाई, केस पिकलेले, कपाळाला आठ्या. दाराला नुसता पडदा. विहीणबाई 'सोबत' म्हणून आत आली.

"बोला. काय होतंय?"

"अंग कोरडं पडलं."

बाई इकडच्या नसाव्यात. त्यांनी माझा हात ओढला, मनगटावरची कातडी चिमटीत धरून बघितली. "थंडीचे दिवस आहेत. साबण कमी लावा..."

झालं! माझ्या डोळ्यांपुढं खोबरेलाची बाटली उभी राहिली. आता हिनं खोबरेल दिलं तर मी परत जायची, हे शेतात जायचे, आणि मी उपास करत बसायची, जन्मभर. कुठून बळ आलं कोण जाणे. म्हटलं, "हाताचं नाई हो बाई. योनी! माही योनी कोरडी पडली. आग होते आन् नवऱ्याजवळ जाववत नाई!"

ओरडायचं नव्हतं, पण ओरडलेच. पडद्यापलीकडे कोणाच्या तरी पोराचा खुळखुळासुद्धा थांबला. विहीणबाईनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला.

डॉक्टरीणबाईच्या आठ्या मोडल्या. "हं. आता कळलं. चढा टेबलावर."

टेबल उंच, अवजार गार, आणि छताचा रंग उडालेला. तिथं पडल्यावर बघण्यासारखं दुसरं काही नसतं. पण बाईचा हात हलका होता. आधी विचारायची, मग हात लावायची. पाळी गेल्यावर कधी रक्त गेलं का? छातीत गाठ? घरात कोणाला कॅन्सर? पायात रक्ताची गाठ कधी? खामगावच्या कोटवाल्यानं न विचारलेलं एकेक तिनं विचारलं. पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला तरी तडक दाखवायला यायचं, हे दोनदा बजावलं.

मग समजावून सांगितलं. पाळी गेली की इस्ट्रोजेन नावाचा रस अंगात कमी होतो. त्यानं आतली कातडी पातळ पडते, ओलावा जातो, म्हणून आग, म्हणून दुखणं, म्हणून लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा. त्याच रसाची मलमाची ट्यूब मिळते. सोबतच्या नळीनं थोडंसं आत सोडायचं, पहिले दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. शिवाय ओलाव्यासाठी साधी जेल. तुरटी, डेटॉल, साबण सगळं बंद.

"तुरटी कोणी सांगितली?"

"शेजारणीनं."

"शेजारणीला लावायला सांगा."

मी भीत भीत विचारलं, "हार्मोननं कॅन्सर होते म्हणतेत ना?"

"गोळ्या घेऊन सगळ्या शरीराला द्यायचं तो हिशेब वेगळा. हे जागेपुरतं, अगदी थोडं. रक्तात फारसं जात नाही. छातीचा कॅन्सर होऊन गेलेल्या बाईनं मात्र आधी कॅन्सरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हातही लावू नये. तुम्हाला तसं काही नाही. लघवी तपासून घ्या, आणि धीर धरा. पूर्ण गुण यायला दीड-दोन महिने लागतात."

"आन् लेझर?"

"लेझरचा या त्रासाला पक्का उपयोग होतो हे अजून सिद्ध झालेलं नाही. एखादीला आत भाजून उलट दुखणं वाढतं. साधं औषध करून न बघता मशीनखाली कशाला जाता?"

मी उठले, साडी नीट केली. विहीणबाई जागची हलेना.

"डाक्टरीणबाई, माही एक मैत्रीण हाये..."

"तिला घेऊन या."

"ते... आलेली हाये."

डॉक्टरीणबाईनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. मग माझी विहीण, मुलाची आई, जिच्यापुढं मी इतकी वर्षं पदर सावरून बोलले, ती 'माय वं, माय वं' करत त्या टेबलावर चढली.

बाहेर आलो तर पोटुशा पोरी आमच्याकडे टकामका बघताहेत. मघाचीच पोरगी हळूच म्हणाली, "आजी, माह्या आईलेबी असंच होते. ते कोणाले सांगतच नाई."

"तिले इथं आण," विहीणबाई ऐटीत म्हणाली, जणू दवाखाना तिनंच काढला. "आन् शब्द नीट सांग म्हणा."

स्टँडवर चहा घेताना मी सवयीनं पहिला पेला तिच्यापुढं केला. तिनं तो माझ्याकडे सरकवला. "राहू द्या आता ते मानपान. एका दुकानातून सारखीच ट्यूब घेतली आपण."

परत

चिखली, मेहकर करत दुपार कलताना जानेफळ आलं. गुण येतो म्हणतात तो हळूहळू येतोय. हे लिहिताना मी लाकडी खुर्चीवर बसलेय, खाली शाल नाही. पण त्या दिवशी पिशवीत फक्त ट्यूब होती. घरी न जाता मी वावरात उतरले.

हे मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. वर न बघता म्हणाले, "काय म्हणे गुडघे?"

"गुडघे चांगले हायेत. कधी बिघडलेच नव्हते."

हात थांबले. मग मी बांधावर बसले आणि सगळं सांगितलं. शब्दासकट. उपास खोटे होते तेही. सांगताना मी मेथीकडे बघत होते आणि तेही मेथीकडेच बघत होते. त्या मेथीला तेवढं सगळं कळलं असेल.

शेवटी म्हणाले, "दुखत होतं?"

"हाव."

"लय?"

"लय."

त्यांनी हातातली जुडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. "मले वाटलं मी नकोसा झालो तुले. म्हटलं, म्हातारा मानूस, काऊन गळ्यात पडायचं कोणाच्या." आवाज जरा बसला होता. "सांगाचं ना वं."

"शब्द नव्हता."

"हात धरून दाखवलं असतं, तरी समजलं असतं मले."

मी उगाच रागानं म्हटलं, "दोन महिने काई नाई म्हणते डाक्टरीण. आधीच सांगून ठेवते."

"ऐकलं मी," ते म्हणाले. खोपीत जाऊन गोधडी घेऊन आले, झटकली, माझ्या पिशवीवर ठेवली. "मी घरी झोपाले येतो म्हटलं. इथं लय थंडी वाजते. मलेबी कोणाले सांगता येत नव्हतं."